पुस्तक कुठवर आलं?

पुण्यात पुस्तक लिहिणं फारसं अवघड नाही. ते लिहितोय हे लपवणं महाकठीण. मंडईत भाजी निवडताना, बँकेत पासबुक भरून घेताना, लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी पुढे करताना कुणीतरी विचारतंच, "काय, पुस्तक कुठवर आलं?" आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

माझा विषय होता पुण्याचे हौद. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून थेट शहरात आणलं आणि पेठापेठांत हौद भरले. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावं लोक अजून पत्ता सांगताना घेतात. पाणी मात्र टँकरने येतं. तर हा विषय आमच्या हिने एका बारशात जाहीर केला. बाळाचं नाव काय ठेवलं ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही, पण माझ्या पुस्तकाचं सगळ्यांना गेलं. जिलबी संपायच्या आत एकाने "हौदांवर झालंय की सगळं लिहून" म्हणून निकाल लावला, दुसऱ्याने हौदांऐवजी विहिरी घ्या म्हणून सुचवलं, आणि मुलाच्या आत्याबाईंनी "किंमत किती ठेवणार?" असं विचारलं. तेव्हा एकही पान झालेलं नव्हतं.

म्हणून नवोदितांना माझं पहिलं सांगणं असतं की तोंड बंद ठेवा. यात विनयाचा काही संबंध नाही. पुस्तक लिहून जे कौतुक व्हायचं, ते नुसतं सांगूनच पदरात पडलं, तर मग लिहायचं कशाला? आमच्या वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त झाल्यापासून आत्मचरित्र लिहितायत. शीर्षक ठरलंय, मुखपृष्ठावर कोणता फोटो घ्यायचा ते ठरलंय, आणि अर्पणपत्रिका तर कायम तयार असते. फक्त ती बदलत राहते. धाकट्या भावाशी वाटणीवरून बिनसलं तेव्हा ती भावाकडून काढून शाळेतल्या मास्तरांना दिली. सून मनासारखं वागली त्या महिन्यात ती सुनेकडे होती. सध्या ती "ज्यांनी मला छळलं त्यांस" अशी आहे. आत्मचरित्राचं एवढंच एक पान लिहून झालंय, पण सोसायटीत त्यांना लेखक म्हणतात.

काकांकडे सामान मात्र बघत राहावं असं. वह्या-पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात ज्याला मोह झाला नाही असा मराठी लेखक विरळा. आधी शाईचं पेन घ्यायचं. मग साध्या कागदावर शाई फुटते म्हणून जाड कागदाची वही घ्यायची. मग वही इतकी देखणी निघते की तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही. खाडाखोडीशिवाय पुस्तक होत नाही, त्यामुळे वही कोरी. मी सगळं पुस्तक पाठकोऱ्या कागदांवर लिहिलं. एका बाजूला सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल, दुसऱ्या बाजूला नानासाहेब. असल्या कागदाची भीती वाटत नाही, आणि प्रकरण फसलं तरी अहवालापेक्षा बरंच असतं.

या गावातला खरा धोका पुढे आहे. त्याला संशोधन म्हणतात. मुंबईच्या माणसाला हौदांवर लिहायचं तर तो दोन पुस्तकं चाळून लिहून मोकळा होईल. इथे १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचं पेशवे दप्तर आहे, आणि मुख्य म्हणजे "मूळ कागद पाहिलेत का?" असं विचारणारी माणसं आहेत. मूळ कागद जुन्या मोडी लिपीत. म्हणजे आधी मोडी शिका. मोडी शिकायला वर्गाला जा. वर्गात शेजारी बसलेले गृहस्थ मोडीचा वर्ग चौथ्यांदा करत असतात. त्यांचं पुस्तक शिवकाळावर आहे आणि अजून सुरू व्हायचंय. अभ्यास जरूर करा, पण त्याला एक तारीख घाला, आणि ती उलटली की जेवढं माहीत आहे तेवढ्यावर लिहायला बसा. अडलं तिथे तांबड्या पेनाने "इथे सन बघ" असं खरडून पुढे जायचं. माझ्या पहिल्या खर्ड्यात इतके सन बघायचे होते की पानांना गोवर आल्यासारखा दिसत होता. पण खर्डा पुरा झाला, आणि सगळे सन नंतर दोन-तीन बैठकींत सापडले.

सुरुवात कुठून करायची, यावर लोक वर्ष वर्ष काढतात. बहुतेकांची सुरुवात "पुण्यनगरीला प्राचीन परंपरा लाभली आहे" अशी होते आणि तिथेच आटपते. सुरुवातीपासून सुरुवात करू नये. चहा पिताना जी गोष्ट आपण चारचौघांना रंगवून सांगतो, ती आधी लिहावी. कसब्यातल्या एका वाड्यात हौदाच्या झाकणावर आजींनी सांडगे वाळत घातले होते. मी म्हटलं, "आजी, फोटो काढायचाय, हे जरा बाजूला घेता का?" आजी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "सांडग्यांसकट काढ. हौद कुठे पळतोय? ऊन जाईल माझं." हे मी घरी येऊन तसंच्या तसं उतरवलं, आणि बाकीचं प्रकरण त्या वाक्यांच्या मागे आपोआप चालत आलं. परंपरा मागाहून घालता येते.

आता हिशेब. डेमी आकाराच्या पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक पन्नास हजार शब्दांचं. रोज ३०० शब्द म्हटले तरी साडेपाच महिन्यांत काम होतं. तीनशे शब्द म्हणजे किती, तर सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडताना आपण एका बैठकीत जेवढे लिहितो, त्यापेक्षा कमीच. प्रश्न शब्दांचा नसून वेळेचा असतो. सकाळी कुकर, दूध, मावशी, भंगारवाल्याचा भोंगा. संध्याकाळी, गणपती जवळ आले की, नदीकाठी ढोल-ताशांचा सराव. त्या ठेक्यात लिहिलेल्या परिच्छेदाला पूर्णविराम द्यायला जागाच मिळत नाही. बाकी महाराष्ट्राने कितीही टर उडवू दे, पण दुपारी एक ते चार हीच पुण्यातली लिहायची वेळ. सारं गाव झोपलेलं असतं. बेल वाजत नाही, फोन येत नाही, पुस्तक कुठवर आलं हेसुद्धा कुणी विचारत नाही. फक्त आपण झोपायचं नाही. कालचं वाचून दुरुस्त करत बसायचं नाही हेही त्यातच आलं. ती झोपेचीच एक जात आहे.

चौथ्या-पाचव्या प्रकरणाच्या सुमारास दुसऱ्या पुस्तकाची कल्पना सुचते. ती पहिल्यापेक्षा हमखास सरस असते, कारण ती लिहायची नसते. चिठ्ठीवर टिपून डब्यात टाकावी.

आणि कुणाशी तरी स्वतःला बांधून घ्यावं. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला दिवाळीचा धसका आहे आणि तो फार उपयोगी आहे. एखादं प्रकरण दिवाळी अंकाला कबूल करून टाकायचं. संपादकांचा श्रावणात फोन आला की जी प्रतिभा वर्षभर रुसून बसलेली असते, ती मुकाट्याने कामाला लागते.

लिहून झालं की सुटलो, असं वाटतं. मग छपाईची बाजू सुरू होते. माझा टाइप केलेला मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांत, नेताना प्रत्येक "हौ"ची मोडतोड झाली. काना आणि वर दोन मात्रा असे सुटे तुकडे एकमेकांना चिकटवून "हाैद" तयार झाला. डोळ्यांना फरक कळेना, पण शोध घ्यायला गेलं तर संगणक म्हणे, हौद एकही नाही. दोनशे पानं हौदांवर, आणि यंत्राच्या मते त्यात हौदच नाही! संगणकावर पानं जुळवणारे डीटीपीवाले दादा शांतपणे म्हणाले, "वाचताना तर दिसतोय ना?" तेव्हा रूपांतर झाल्यावर दहा-पंधरा शब्द तरी शोधून बघा, रफार, ऱ्या आणि औकार विशेष. मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तीनदा वाचा, त्यातलं एकदा कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून शुद्धलेखनाचे नियम अठरा आहेत. पुणेकर वाचकाकडे एकोणिसावा असतो आणि तो त्याच्या आजोबांनी घालून दिलेला असतो. त्याला इलाज नाही.

छपाई फर्म्यांच्या हिशेबात चालते. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पानं, ती सोळा. माझी २०३ पानं झाली, म्हणजे तेरा फर्मे, म्हणजे पाच पानं कोरी. वरच्या काकांना कुठून तरी कळलं. ते अर्पणपत्रिका घेऊन खाली आले. जुन्या नव्या धरून त्यांच्याकडे पाच सहज निघाल्या असत्या. मी संदर्भसूची वाढवली.

पैशांचंही सांगून ठेवतो. एका प्रकाशकाने मला आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, म्हणून वेगळे पैसे सांगितले होते. तो तेरा आकडी क्रमांक आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. तेवढं वाक्य उच्चारलं की ती ओळ कोटेशनमधून आपोआप गळते. छापायचा खर्च तुमचा असेल तर कागद, प्रती आणि बांधणी लिहून घ्या. आणि मोठ्या माणसाच्या प्रस्तावनेसाठी खोळंबू नका. प्रस्तावनाकार "या आठवड्यात देतो" म्हणतात, पण कुठल्या वर्षातला आठवडा ते सांगत नाहीत.

पुस्तक आलं. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना भेट प्रत हवी होती, त्यामुळे विकत कोण घेतंय याची मला उत्सुकता होती. एका दुपारी अनोळखी बाईंचा फोन आला. "हौदांच्या पुस्तकाचे लेखक का?" मी सावरून बसलो. "पुस्तक छान आहे हो, पण हौद ईशान्येला असावा की पूर्वेला, ते कुठल्या पानावर दिलंय?"

संध्याकाळी दुकानात जाऊन बघितलं. दुकानदाराने माझं पुस्तक वास्तुशास्त्राच्या फळीवर लावलं होतं. इतिहासाची फळी समोरच होती. मी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "तुमचं बरं उचललंय साहेब. अजून दहा प्रती पाठवा."

मी पाठवल्या.