टॉर्चचा सेल तव्यावर ठेवू नका

परवा रात्री साडेआठला आईचा फोन आला. "अरे, बॅटरीतला सेल तव्यावर किती वेळ ठेवायचा असतो? मेसेजात दोन मिनिटं लिहिलंय, पण गॅस बारीक ठेवायचा की मोठा ते काही दिलं नाही." तवा गॅसवर चढलेला होता, सेल तिच्या हातात होता, आणि तो लिथियमचा होता.

'टॉर्चचे सेल फेकू नका, हे 5 उपाय करा' असा तो मेसेज भावकीच्या ग्रुपवर आलाय आणि तिथून पुढे आणखी चार ग्रुपवर गेलाय. त्याचं म्हणणं असं : संपलेला सेल उन्हात किंवा तव्यावर गरम केला की पुन्हा भरतो. सेल जमिनीवर उभा टाकावा, उडाला तर संपला. दोन सेल लागत असतील तर एकच नवा घालावा. नवी टॉर्च घेताना जास्त एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आणि पल्ल्याचे जास्त मीटर लिहिलेली घ्यावी. आणि एलईडी कधी जात नाही, त्यामुळे उजेड कमी झाला की दोष सेलचाच. पहिल्या उपायावर मी जास्त बोलणार आहे, कारण त्यानं माणूस भाजू शकतो.

सेल उन्हात ठेवायची सवय जुनी आहे. रेडिओचे मोठे सेल पत्र्यावर मांडलेले अनेकांनी पाहिलेत. त्याचा थोडा उपयोग व्हायचा, हे कबूल करावं लागतं. त्या जस्त-कार्बनच्या सेलमधली रासायनिक क्रिया उष्णतेनं जरा वेग घेते, आणि काही वेळ नुसता पडून राहिला तरी सेल थोडा सावरतो. म्हणून रेडिओ आणखी थोडा वेळ बोलायचा. पण सेल भरलेला नसायचा. त्या सेलचं जस्ताचं भांडंच वापरात झिजत असतं, आणि झिजलेलं जस्त उन्हानं परत येत नाही. उलट पातळ झालेलं भांडं गरम केलं की तिथूनच गळायला लागतं.

आताच्या चार्जिंगच्या छोट्या टॉर्चमध्ये मात्र हा सेल नसतोच. पुष्कळदा असतो तो 18650, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब लिथियम-आयन सेल. त्याच्या आत पेट घेणारं द्रावण असतं. धन आणि ऋण बाजू एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. असे पडदे साधारण 130 अंशांच्या आसपास वितळू लागतात, आणि भाकरीचा तवा सहज 200 च्या वर जातो. पडदा गेला की दोन्ही बाजू आतल्या आत भिडतात, सेल स्वतःच तापत जातो, आणि मग गॅस बंद करूनही ते थांबत नाही. पेटती वाफ सुटते, कधी सेल फुटून उडतो. माझी आई त्या तव्यापासून हातभर अंतरावर उभी राहणार होती. मेसेज लिहिणाऱ्यानं सेल कुठला आहे हे पाहायलाही सांगितलेलं नाही, आणि तो पुढे पाठवणाऱ्या एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही. याचा मला खरोखर राग आहे.

सेल टाकून बघण्यात अर्धं तथ्य आहे. अल्कलाइन (चार्ज न होणारा, जास्त टिकणारा) सेल वापरात आला की आतल्या जस्ताचं ऑक्साइड होतं आणि तो जास्त उडू लागतो. पण अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात हे नीट मोजून पाहिलं गेलं आणि 2015 साली निष्कर्ष छापून आले. सेल निम्मा भरलेला असतानाच त्याचं उडणं जवळजवळ कमाल पातळीला पोचतं, नंतर वाढत नाही. म्हणजे उडणारा सेल नवा नाही एवढंच कळतं, तो संपलाय असं नाही. या उपायानं लोक निम्मे भरलेले सेल फेकून देतील. मेसेजचं नाव तर 'सेल फेकू नका' असं आहे. आणि लिथियमचा सेल कधीही आपटू नका.

एक जुना, एक नवा सेल कधीच घालू नका. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीनं प्रवाह ढकलत राहतो, आणि जुना गळून टॉर्च आतून खराब होते.

आता एमएएच. चांगला 18650 साधारण 3500 एमएएचचा असतो. त्यावर 9900 लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे. एवढ्या आकारात तेवढं मावतच नाही. मीटरचंही तसंच. टॉर्च मोजण्याचं अमेरिकेत एफएल-1 नावाचं मानक आहे. त्यात पल्ला म्हणजे जिथे फक्त पाव लक्स उजेड उरतो तेवढं अंतर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. म्हणून प्रामाणिकपणे मोजलेल्या 200 मीटरच्या टॉर्चचाही 100 मीटरवर उजेड जेमतेम एक लक्स पडतो. बांधावरून चालताना मण्यार दिसायला हवी ती पुढच्या पाच-दहा पावलांत. तिथे लांब जाणारा बारीक झोत कामाचा नाही, पसरट उजेड हवा. शे-दीडशे ल्युमेन्स (टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप) पुरतात.

राहिला 'दोष सेलचाच'. एलईडी सहसा जात नाही, हे ठीक. पण पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, आणि वाटेत थोडे जरी गळाले तरी उजेड झपाट्यानं पडतो. बहुतेक धातूच्या टॉर्चमध्ये प्रवाह नळीतून आणि मागच्या टोपणाच्या आट्यांतून जातो. तिथे माती किंवा गंज बसला की भरलेला सेलही मेल्यासारखा वागतो. म्हणून आधी टोपण काढा, आटे आणि नळीची कड कोरड्या फडक्यानं पुसा, सेलची टोकं खोडरबरानं घासा, स्प्रिंग बसली असेल तर जरा ओढा. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल तर कापसावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसा आणि पूर्ण वाळवा. तो हात डोळ्यांना लावू नका.

तरीही पेटत नसेल तर टोपण बाजूला ठेवून सेलचं मागचं टोक आणि नळीची कड तारेच्या तुकड्यानं जोडा. पेटली तर बटण बिघडलंय, सेल नाही.

आमच्याकडे या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची आहे. गॅस बंद करायला लावून मी अण्णांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. आट्यांत वाळलेला चिखल भरला होता. पुसल्यावर टॉर्च पहिल्यासारखी पेटली, आणि लाइट आल्यावर ते तीच घेऊन मोटार चालू करायला गेले.