साखर तपासून घ्या

शनिवारी धनकवडीतल्या एका गॅरेजमध्ये, चारचौघांसमोर, एका अनोळखी गृहस्थाने मला रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगितलं. मी गाडी दाखवायला गेलो होतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या गृहस्थाला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

गाडी २००९ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओने पाच वर्षांची मुदत वाढवून दिलेली, पर्यावरण कर भरलेला, पीयूसी खिशात. दुखणं एवढंच की काटा ताशी ८० वर गेला की स्टिअरिंग थरथरू लागतं आणि ९५ च्या पुढे गेलं की गप्प बसतं. साठला काही नाही. सत्तरला तर गाडी इतकी सज्जन की आपल्यालाच संशय घेतल्याची लाज वाटावी.

आता ही ऐंशी पुण्यात मिस्त्रीला दाखवायची कुठे? मिस्त्री गाडी घेतो, गॅरेजच्या गल्लीत एक फेरी मारतो आणि उतरून म्हणतो, "एकदम मख्खन आहे साहेब." त्या गल्लीत तीन स्पीडब्रेकर आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे गाडीने तो शांतपणे चढून उतरावा अशी अपेक्षा असते. आमच्या गल्लीत रात्रीतून उगवतात ते डांबराचे वरवंटे. त्यांच्यावरून तीसनेही जाता येत नाही. म्हणजे माझ्या गाडीचा आजार जिथे सुरू होतो तिथे मिस्त्री कधी पोचतच नाही, आणि निदान मात्र ठाम.

निदान म्हणजे तरी काय? "अलाइनमेंट करून घ्या." गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंट. दार नीट लागत नाही? तेही बहुधा अलाइनमेंट. अरे बाबांनो, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी ओढते, टायर एका कडेने झिजतात. थरथरीचं खातं वेगळं. थरथर ठरावीक वेगालाच येत असेल तर आधी चाकाचं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का ते, आणि टायर बघायचा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क. सिग्नलला उभ्या गाडीत येत असेल तर इंजिनाचं माउंटिंग. वळताना पुढून कटकट वाजत असेल तर ॲक्सलचा सांधा. हे मला कळतं याचाच मिस्त्रीला राग येतो. तो टाय रॉड बदलतो, लोअर आर्मचे बुश बदलतो, जुने पार्ट माझ्या पायाशी टाकून म्हणतो, "बघा, किती गेले होते." गेलेही असतील. थरथर गेली नाही.

बॅलन्सिंगही करून झालं होतं. मशीनवर चाक फिरवलं, रिमच्या कडेला शिशाची वजनं ठोकली, पडद्यावर दोन्हीकडे शून्य आलं. पोऱ्याने त्या शून्याकडे बोट दाखवून माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बोलायची सोय उरली नाही.

तर शनिवारी मी हे सगळं मिस्त्रीला पुन्हा सांगत असताना बाकावरून आवाज आला, "हातच थरथरत असतील."

बाकावर आबा होते. गॅरेजशी त्यांचा संबंध एवढाच की त्या रस्त्यावर सावलीतलं बाक तेवढं एक. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे होते, निवृत्तीनंतर बसायला इथे येतात.

"वय काय तुमचं?"

"बावन्न."

"मग बरोबर. चहात साखर किती?"

"आबा, गाडी थरथरते. मी नाही."

"घरी कप धरताना थरथरतो का?"

"घरात मी ऐंशीने जात नाही."

मिस्त्री हसला. माझ्याकडून पैसे घेऊन माझ्यावर हसला. आबा मुळीच हसले नाहीत. "साठला होत नाही म्हणता ना? भीती. वेग वाढला की माणसाचा हात थरथरतो. साखर तपासून घ्या, आणि थायरॉइड. एकाच सुईत होतं."

शेवटी मी हट्टाने मिस्त्रीला हायवेवर न्यायचं ठरवलं. नवीन कात्रज बोगद्यातून सातारच्या दिशेला जायचं आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडून फिरायचं. आबा न विचारता मागे बसले. शिंदेवाडीच्या पुढे मिस्त्रीच्या हातात स्टिअरिंग थरथरलं. मी विजयाने मागे वळून पाहिलं. आबा म्हणाले, "यालाही सांगतोय मी कधीचं, तंबाखू सोड."

परत आल्यावर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. यात एक साधा हिशेब असतो. पुढचं चाक खराब असेल तर थरथर हातात येते, मागचं असेल तर सीटमध्ये. पुन्हा हायवे, पुन्हा ऐंशी. हात शांत आणि खालून सीट गुरगुरतेय. म्हणजे दोष चाकातच! मी आनंदाने ओरडलो, "आता बसायच्या जागी होतंय!"

मागून अत्यंत मायेने विचारणा झाली, "मूळव्याध जुनी का?"

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवली तेव्हा आबा उठून चाकापाशी आले आणि चष्मा वर करून टायरवरची अक्षरं वाचू लागले. "एक्सपायरी कुठंय?"

टायरला एक्सपायरी नसते, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आबांनी तेच शोधले. ३११७. म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा.

"मॅन्युफॅक्चरिंग टाकलंय आणि एक्सपायरी नाही? असा माल मी दुकानात ठेवला नसता."

तेव्हा कुठे मिस्त्रीने टायरच्या नक्षीजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. एका जागी रबर वर येऊन टोकाला घासलं. आतल्या तारांचा पट्टा सुटलेला, त्यामुळे टायरला टेंगूळ. टेंगळासकट वजन जुळवता येतं, म्हणून मशीनवर शून्य दिसत होतं. नक्षी शाबूत, म्हणून वरून सगळं छान. या तपासणीला लागला एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्धं मिनिट, आणि त्याआधी मी टाय रॉडचे, बुशचे आणि सगळीकडच्या अलाइनमेंटचे पैसे मोजून बसलेलो. शनिवारच्या बिलातही 'चेकिंग' म्हणून एक रक्कम वेगळी होती. कशाचं चेकिंग, हे विचारल्यावर मिस्त्री म्हणाला, "हायवेला गेलो होतो ना, साहेब." पेट्रोल माझं, गाडी माझी, आणि त्याच्या सहलीचं बिलही मलाच. हे पैसे परत मागायची पद्धत आपल्याकडे नाही. गेलेले पार्ट पायाशी टाकतात, गेलेले पैसे कोणी दाखवत नाही.

टायर जोडीने बदलावे लागतात, म्हणून दोन नवे घेतले. जोडीतला बरा जुना मी स्टेपनी म्हणून ठेवला. टेंगूळवाला मिस्त्री भंगारात टाकणार, तोच आबांनी त्यावर काठी ठेवली. "हा माझा. नातवाला झोका होईल."

टायर आबांना उचलणार नव्हता. रिक्षात कोण घेणार? तेव्हा तो माझ्याच डिकीत चढला, आबा पुढे बसले आणि मी त्यांना बालाजीनगरला सोडायला निघालो. सोसायटीच्या दारात मी टायर उतरवून भिंतीला टेकवला. आबांनी तो सगळीकडून नीट पाहिला, मग उघड्या डिकीत डोकावून म्हणाले, "या स्टेपनीचा तसा तुम्हाला उपयोग किती होतो? नाही, नातवंडं दोन आहेत."