पोरांना राजकारणात रस नाही, असं म्हणणं थांबवू या

आजकालच्या पोरांना राजकारणाचं काही पडलेलं नाही, हे वाक्य आपल्या इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामानगरपर्यंत कुठल्याही मराठी घरात चहाबरोबर ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही.

डिसेंबर २०२४ आठवा. इथल्या मध्य प्रदेश राज्य लोकसेवा आयोगाच्या कार्यालयासमोर मुलं-मुली भर थंडीत रात्रंदिवस रस्त्यावर बसली होती. मी एका रात्री तिथं गेले होते. रजया पांघरून मुली रस्त्यावरच्या दिव्याखाली नोट्स वाचत होत्या, मध्येच घोषणा सुरू झाली की वही मिटून त्याही ओरडत होत्या. मुख्य परीक्षेच्या उत्तरपत्रिका दाखवा, जागा वाढवा, ओबीसी आरक्षणाच्या वादात अडकवून ठेवलेले १३ टक्के जागांचे निकाल मोकळे करा, अशा नेमक्या मागण्या होत्या. शेवटी मुख्यमंत्र्यांना त्यांच्या प्रतिनिधींशी बोलावं लागलं. याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?

त्याच वर्षी मे महिन्यात यांच्यातल्या अनेकांनी लोकसभेसाठी पहिल्यांदा मत दिलं. इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि खरी लढत उरलीच नाही. नोटाला २,१८,६७४ मतं पडली आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. एवढ्या लोकांनी उन्हात रांगेत उभं राहून "यांपैकी कोणी नाही" सांगितलं, आणि निकालावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. अठरा वर्षांच्या मुलानं यातून काय शिकायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की राजकारणाची पहिली पायरीच आपण काढून घेतली. मध्य प्रदेशात २०१७ नंतर कॉलेजांत छात्रसंघाच्या निवडणुका झालेल्या नाहीत. सभेत उभं राहून बोलणं, हरणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसणं हे शिकायचं कुठे? आपल्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरच्या खासदार झाल्या, पण सुरुवात १९८२ मध्ये पार्षद, म्हणजे नगरसेवक म्हणूनच केली होती. आज पार्षदाची निवडणूक लढवायला वय २१ पुरतं, हे किती घरांत मुलांना सांगितलं जातं?

निर्णय घेतानाही तेच. बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखून ठेवलेला रस्ता, काढायचं ठरलं तेव्हा त्यावरून रोज आयबसनं भंवरकुव्याला कोचिंगला जाणाऱ्या मुलांना कुणी विचारलं? बीआरटीएस चांगली की वाईट हा वाद वेगळा. त्यांना विचारायला हवं होतं.

आणि फक्त सरकारला बोलून भागणार नाही. आपल्या मंडळांत गणपतीला मांडव घालायला, खुर्च्या लावायला तरुण लागतात. कार्यकारिणीच्या बैठकीत मात्र ते दिसत नाहीत. हिशोब त्यांच्या हाती द्या, ठरावावर त्यांना मत द्यायला लावा, त्यांनी विरोध केला तर रागावू नका. मग मुलं बाहेरच्या राजकारणाला घाबरणार नाहीत.

नगर निगमच्या पुढच्या निवडणुका २०२७ मध्ये अपेक्षित आहेत. घरात सतरा पूर्ण झालेलं कुणी असेल तर मतदार नोंदणीचा अर्ज आत्ताच भरता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर नाव लागायला आता १ जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही पात्रतेच्या तारखा आहेत. नोंदणीचा हा अर्ज, फॉर्म ६, त्यांच्याकडूनच भरून घ्या. मग आपल्या वॉर्डाच्या पार्षदाकडे त्यांना घेऊन जा आणि बोलू मात्र त्यांनाच द्या.