बाहेरची प्लगिन लायब्ररी जोडली म्हणून विकी चोरीला जात नाही

गेले काही दिवस गोव्यात, डिचोली-फोंडा भागात, घरच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या आम्हा लोकांत एक संदेश फिरतो आहे. टिडलीविकी म्हणजे ब्राउझरात उघडणारी, एकाच फाइलीत मावणारी नोंदवही; तिलाच आम्ही विकी म्हणतो. तिला नवी सोय देणारी जोड म्हणजे प्लगिन, आणि अशा प्लगिनांचा ऑनलाइन साठा म्हणजे प्लगिन लायब्ररी. टिडलीविकी वापरणाऱ्यांना तो संदेश चार गोष्टी सांगतो. अधिकृत सोडून दुसरी प्लगिन लायब्ररी जोडली की तुमच्या सगळ्या नोंदी ती लायब्ररी ठेवलेल्या सर्व्हरवर जातात. तो सर्व्हर बंद पडला की विकी उघडत नाही. अशी लायब्ररी चालवायला मोठा खर्च येतो, तेव्हा फुकट देणाऱ्याच्या हेतूवर संशय घ्या. आणि अधिकृत तेवढं सुरक्षित, बाकी सगळं व्हायरस. मला तो तीन जणांकडून आला. आमच्या शेजारच्या वहिनींनी तर तो वाचून, आईच्या वहीतली धालोची (पौषात बायका मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, गातात-नाचतात त्या सणाची) गाणी उतरवून ठेवलेली आपली विकी उघडणंच सोडलं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिला मुद्दा सर्वांत जास्त घाबरवतो, आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. लायब्ररी जोडणं म्हणजे आपल्या विकीत एक छोटा टिडलर, म्हणजे एक नोंद, ठेवणं. त्याला ठरावीक टॅग असतो आणि एका रकान्यात लायब्ररीचा पत्ता असतो. एवढ्याने कुणाशीही संपर्क होत नाही. तुम्ही नियंत्रण फलकात जाऊन प्लगिन मिळवण्याचं बटण दाबता आणि ती लायब्ररी उघडता, तेव्हा विकी आपल्या पानात एक न दिसणारी चौकट तयार करते. तिला आयफ्रेम म्हणतात. त्या चौकटीत लायब्ररीचं पान चढतं आणि दोघांत निरोपांची देवाणघेवाण सुरू होते. विकी यादी मागते, पान यादी देतं. तुम्ही एखादं प्लगिन निवडलं की विकी त्याचं नाव सांगते आणि पान तेवढी फाइल आणून देतं. या निरोपांत तुमची एकही नोंद नसते. चौकटीतल्या पानाला बाहेर डोकावून तुमची विकी वाचताही येत नाही, कारण वेगळ्या ठिकाणाहून आलेल्या पानाला दुसऱ्याच्या पोटातलं ब्राउझर वाचू देत नाही. हा नियम टिडलीविकीचा नाही, ब्राउझरचा आहे, आणि तुमचं बँकेचं पानही त्याच्याच भरवशावर चालतं.

मग त्या सर्व्हरला कळतं काय? तुमचा आयपी पत्ता, वेळ आणि कोणती फाइल मागितली ते. कुठलंही संकेतस्थळ उघडलं तरी एवढं कळतंच. ज्यांना माझ्या शब्दावर विसंबायचं नाही त्यांनी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा भाग उघडावा आणि लायब्ररी उघडताना काय येतं, काय जातं ते स्वतः पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे.

सर्व्हर बंद पडला तर विकी बंद पडते, हे दुसरं विधान टिडलीविकीच्या घडणीलाच धरून नाही. जेरेमी रस्टन यांनी 2004 साली ती सुरू केली तीच एका एचटीएमएल फाइलीत सगळं मावावं म्हणून. प्लगिन बसवलं की त्याचा मजकूर त्या फाइलीतच साठतो. पुढे लायब्ररी नाहीशी झाली तर नव्या आवृत्त्या तेवढ्या मिळणार नाहीत. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती, इंटरनेट नव्हतं, आणि लॅपटॉपची बॅटरी होती तोवर मी माझ्या विकीत काम करत होते, सगळ्या प्लगिनांसह. अपवाद एकच: नकाशासारखं एखादं प्लगिन चित्रांचे तुकडे दर वेळी बाहेरून आणत असेल, तर तेवढा भाग कोरा दिसेल. उलट बसवलेलं प्लगिन आपल्या विकीतून ओढून दुसऱ्याच्या विकीत टाकता येतं. मूळ जागा गेली तरी प्रती उरतात.

खर्चाचं म्हणाल तर तो शून्यही असू शकतो. आपल्या संगणकावर नोड.जेएस या प्रोग्रामातून टिडलीविकीची आज्ञा चालवली की लायब्ररी तयार होते: एक पान आणि प्लगिनांच्या जेसन, म्हणजे साध्या मजकुराच्या, फाइली. त्यांना डेटाबेस लागत नाही. गिटहब पेजेस या वेबपानं ठेवण्याच्या सेवेवर सार्वजनिक प्रकल्पाला ही जागा फुकट मिळते, आणि आमच्या चारपाच जणांची लायब्ररी तिथल्या 1 जीबीच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. अडचण पैशाची नसते, जागा कशी आहे याची असते. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा हवा. पान पान म्हणूनच पोचायला हवं, नुसता मजकूर म्हणून नव्हे. आणि दुसऱ्याच्या चौकटीत उघडायला त्या जागेची मनाई नसावी. आम्ही आधी एका फुकट जागेवर फाइली चढवल्या होत्या. पत्ता ब्राउझरात नीट उघडायचा, विकीतून मात्र यादी काही यायची नाही. तिथे चौकटीला बंदी होती, हे कळायला आठवडा गेला. गूगल ड्राइव्हवर पूर्वी वेबपानं ठेवता येत. ती सोय 2016 मध्ये बंद झाली. म्हणून आज कुणी जुन्या सूचना पाहून तिथे लायब्ररी ठेवायला गेलं तर ती चालत नाही. यात कुणाचा वाईट हेतू शोधू नये.

चौथ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मला झाकायचं नाही. प्लगिनात जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरात चालणारा कोड, असेल तर बसवून, जतन करून विकी पुन्हा उघडल्यावर ती तुमच्या विकीच्या आत, पूर्ण हक्काने चालते. तिला कुंपण नसतं. ती सगळ्या नोंदी वाचू शकते आणि बाहेर पाठवूही शकते. म्हणजे धोका आहे, पण तो लायब्ररी जोडण्यात नाही, प्लगिन बसवण्यात आहे. संदेशाने बोट चुकीच्या दाराकडे दाखवलं आहे.

आणि सगळ्या प्लगिनांत जावास्क्रिप्ट नसतेही. आमच्या लायब्ररीतलं एक प्लगिन म्हणजे गावांच्या नावांचा तक्ता: काणकोण आणि कॅनाकोना, केपे आणि क्वेपेम, पेडणे आणि पेर्नेम, डिचोली आणि बिचोलिम. जुनी कागदपत्रं धुंडाळणाऱ्याला ही दोन्ही रूपं एकत्र सापडली नाहीत तर अर्धं काम वाया जातं. अधिकृत लायब्ररीत हे कोण आणि का ठेवील? ते आपणच करायला हवं, आणि एकमेकांना द्यायला हवं. त्या तक्त्यात चालणारं काही नाही, नुसता मजकूर आहे.

बसवण्याआधी काय करावं ते सांगते. विकीची एक प्रत बाजूला काढावी. एकच फाइल, कॉपी करायला क्षण पुरतो. नवं प्लगिन आधी एका रिकाम्या विकीत बसवावं. प्लगिनाचा टिडलर उघडला की आतल्या टिडलरांची यादी दिसते; त्यांत कुणाचा प्रकार जावास्क्रिप्ट आहे ते पाहावं. असेल तर ते कुणी लिहिलं, त्याचा मूळ मजकूर उघड आहे का, हे जाणत्याला विचारावं. काही बिघडलंच तर पत्त्याच्या शेवटी हॅश, कोलन आणि रोमन अक्षरांत ‘सेफ’ (#:safe) लिहून विकी उघडावी. ती प्लगिनांशिवाय उघडते आणि नको ते काढून टाकता येतं. लायब्ररी आपण होऊन तुमच्या विकीत काही बदलत नाही. नवी आवृत्तीसुद्धा तुम्ही बटण दाबाल तेव्हाच येते.

काल संध्याकाळी वहिनींकडे बसून आम्ही दोघींनी त्यांची विकी अशीच तपासली. बाहेरचं एकच प्लगिन निघालं, ते गावांच्या नावांचं. त्यांनी ते ठेवलं. वहीतली सहा गाणी अजून उतरवायची आहेत आणि पौषात मांडावर जाण्याआधी त्यांना ती पुरी करायची आहेत.