बोनस घेतला तिथेच पैसे अडकले

गेल्या आठवड्यात आमच्या सिडकोतला शेजारचा मुलगा रात्री साडेदहाला दारात उभा. सातपूर एमआयडीसीत कामाला आहे, सरळ पोरगा. म्हणाला, "काका, ऑनलाइन कॅसिनोत ७४ हजार जिंकलोय, पण काढू देत नाहीत. तुम्ही हिशोबाचं काम करता, जरा बघता का?"

दोघांनी बसून अटी वाचल्या. त्याने पहिल्यांदाच वाचल्या.

१०,००० भरले, वर १०,००० बोनस. पण विड्रॉलच्या आधी दोन्ही मिळून रकमेच्या ३५ पट खेळायचं, म्हणजे ७ लाखांचे डाव. स्लॉट, म्हणजे चक्र फिरवायचा खेळ, शंभरातले सरासरी ९६ परत देतो असं धरलं, तरी ७ लाखांवर २८,००० जातात. दहा हजारांच्या बोनसपायी! कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पोरगा गप्प झाला.

तरी हा जिंकला होता. मग अडलं कुठे? बोनस चालू असताना एका डावात ५०० च्या वर लावायचे नाहीत, अशी अट. याने दोनदा ८०० लावले. साइटने ते लावू दिले, आणि पैसे मागितल्यावर त्याच दोन डावांवर बोट ठेवून सगळी जीत रद्द केली. मला खरा संताप याचा आहे. डाव ५०० वर अडवणं त्यांना अवघड होतं का? भावाच्या यूपीआयवरून पैसे भरले, एकाच वायफायवर घरातली दोन खाती निघाली, व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारं ॲप) लावला, रुलेटचे डाव ३५ पटीत धरायचेच नाहीत, पैसे अडवायला यातलं एखादं कारणही पुरतं.

म्हणून सांगतो, बोनस स्वीकारूच नका. 'स्वीकारा' दाबलं की या सगळ्या अटी तुमच्या गळ्यात. ब्रिटनमध्ये नियामकाने जानेवारी २०२६ पासून ही पट १० वर आणली, आणि तिथे तटस्थ लवादाकडे दाद मागता येते. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० म्हणतं की पैजेचा करारच रद्दबातल, जिंकलेल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण भांडायचं कुणाशी? त्या साइटवर पत्तासुद्धा नव्हता. माझं ऐकाल तर खेळूच नका.

आमचं बोलणं चालू असतानाच, जीत रद्द केलेली असूनही, त्याला मेसेज आला: '३० टक्के टॅक्स, २२,२०० आधी भरा, मग विड्रॉल सुटेल.' पोरगा मित्राकडून उसने घ्यायला निघाला होता. मी हात धरून बसवला. अरे, टीडीएस रकमेतून कापतात, आधी भरायला कुणी सांगत नाही! सगळ्या चॅटचे, व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढून घेतले आणि माझ्याच फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली.

जाताना म्हणाला, "काका, आईला सांगू नका." मी म्हटलं, मी नाही सांगणार, पण तू आजच सांग. बारा वाजता त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा अजून चालू होता.