‘पुरुषाची जातच तशी’ म्हणण्याआधी शास्त्र तरी नीट वाचा

लग्नसराई तोंडावर आली की खान्देशात बायोडाटे फिरायला लागतात. वर गणपती, मग जन्मवेळ, मामेकुळ, बागायती किती एकर, आणि सगळ्यात खाली अपेक्षा: गोरी, शिकलेली, मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. कुणी हटकलं तर हल्ली एक नवंच उत्तर मिळतं. ‘पुरुषाची आवड उत्क्रांतीनेच ठरवलीय, शास्त्र आहे ते.’ मला या उत्तराचा राग येतो, कारण ते शास्त्र या यादीच्या बाजूने बोलतच नाही.

जोडीदाराच्या निवडीबद्दलची ही मूळ मांडणी उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांची, 1972 ची. अपत्यासाठी ज्याला जास्त झिजावं लागतं, तो जोडीदार जास्त पारखून घेतो. बाईला नऊ महिने आणि वर अंगावरचं दूध. पुरुषाचा कमीत कमी वाटा अगदीच थोडा. बाईची मूल होण्याची क्षमता वयाशी बांधलेली, म्हणून पुरुषाची नजर तारुण्याच्या खुणांकडे वळते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी 1989 मध्ये 33 देशांतल्या 37 गटांत, दहा हजारांवर लोकांना विचारून हे तपासलं. त्यात भारतही होता. सगळ्या 37 गटांत पुरुषांना लहान बायको हवी होती. अंतर किती? सरासरी 2.66 वर्षं.

याहून महत्त्वाचं 1992 मध्ये मानसशास्त्रज्ञ डग्लस केनरिक आणि रिचर्ड कीफ यांनी दाखवलं. पन्नाशीच्या पुरुषांना बरीच लहान बाई हवी असते, पण विशीतल्यांना साधारण आपल्याच वयाची चालते. पुढच्या अभ्यासात तर मिसरूड फुटलेल्या पोरांना स्वतःहून थोड्या मोठ्या मुली आवडल्या. म्हणजे ओढ ‘माझ्यापेक्षा लहान’ची नाही, मूल होण्याच्या वयाची आहे. मग पंचविशीच्या मुलाला विशीचीच पोरगी पाहिजे, हा हट्ट उत्क्रांतीच्या खात्यावर कशाला टाकता? लहान सून ऐकते, वळते, हे त्यामागचं खरं कारण आहे, आणि ते घराचं कारण आहे.

बस यांच्याच आकड्यांत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कुणी सांगत नाही. लग्नाआधीच्या कौमार्याची अट भारत-चीनमध्ये कडक निघाली, नेदरलँड्स-स्वीडनमध्ये जवळजवळ नव्हतीच. आणि गुणांना क्रम लावायला सांगितला तेव्हा बाई काय न् पुरुष काय, दोघांनीही समजूतदारपणा आणि बुद्धी वर ठेवली. बायोडाट्यात समजूतदारपणाचा रकाना कुठे असतो?

कंबर-नितंबाच्या 0.7 या प्रमाणाचंही असंच. कंबर नितंबाच्या सात-दशांश असली की ती बाई पुरुषांना जास्त आवडते, असं मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंह यांनी 1993 मध्ये मांडलं. पण 1998 च्या अभ्यासात पेरूच्या जंगलातल्या मात्सिगेंका जमातीच्या पुरुषांनी जाड कंबरेची बाई पसंत केली. गोऱ्या रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कापूस वेचणारी बाई उन्हात रापते, सावलीत बसणारी रापत नाही. गोरेपणात आपण घराची ऐपत बघतो.

सगळ्यात मोठी गफलत पुढे आहे. हा सिद्धांत निवडणाऱ्या पुरुषाबद्दल आहे. आपल्याकडे निवडतो कोण? बाप, काका, मामा. मुलगा पोहे खाऊन ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतो. आणि एकाच खान्देशात रावेर-चोपड्याकडे हुंडा मुलीचा बाप मोजतो, तर सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात देज, म्हणजे मुलीच्या घरच्यांना द्यायची रक्कम, मुलाकडचे देतात. रक्तातच असतं तर दोन-तीन तालुके ओलांडल्यावर पैशाची दिशा उलटली नसती.

2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या. त्या मुली आता लग्नाच्या वयात येताहेत. नंदुरबारमध्ये तोच आकडा 940 च्या वर होता. मुली कमी पडल्या की मुलांच्या अटी सैल व्हायला हव्यात, असं हाच सिद्धांत सांगतो.

वधू-वर मेळावा भरवणाऱ्यांना एक विनंती. फॉर्मवर अपेक्षांचे दोन रकाने ठेवा, एक आईबापांचा आणि एक मुलाचा. मुलाचा रकाना त्याच्याच हाताने, घरच्यांना बाजूला बसवून भरून घ्या. वयाच्या अंतराची ओळ तर दोन्हींतून काढूनच टाका.