स्कॅन झालं, कुलूप तेच

थोडं लांब झालंय. चहा घेऊन बसा.

अमुक वाचनालयाचं डिजिटायझेशन पूर्ण झालं अशी बातमी वाचली की मी आधी दुवा शोधतो. बहुतेक वेळा तो नसतोच. फीत कापणारे पाहुणे असतात, नव्या कोऱ्या स्कॅनरला हार घातलेला असतो, किती पानं झाली त्याचा आकडा असतो. ती पानं तुम्हाआम्हाला बघायची असतील तर कुठे बघायची, एवढंच राहून गेलेलं असतं.

मध्यंतरी एका जुन्या वाचनालयात गेलो होतो. नाव घेत नाही, माणसं भली आहेत. आमच्या भागातलं एक साप्ताहिक बंद पडून जमाना झाला, त्याचे अंक त्यांच्याकडे आहेत आणि स्कॅनही झालेत, असं त्यांनीच कौतुकानं सांगितलं होतं. बघायचे म्हटल्यावर समजलं की आधी अर्ज करायचा, तो कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवणार, मग अध्यक्षांची सही. त्यानंतर तिथेच बसून बघायचं आणि मोबाइल बाहेर ठेवायचा. हे सगळं मी मान्य केलं. मग कपाटातून सीड्या निघाल्या आणि लक्षात आलं की नव्या संगणकाला सीडी घालायला जागाच नाही. मूळ अंक कुठे आहेत विचारलं, तर "स्कॅन झालेत ना, म्हणून माळ्यावर टाकलेत."

म्हणजे पूर्वी निदान अंक तरी हाताला लागत होते.

या कुलूपबंदीमागे दुष्टावा नसतो हे मला ठाऊक आहे. भीती असते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आणि कोणी तरी येऊन फुकटात पुस्तक काढेल, आमचा साधा उल्लेखही करणार नाही. ही भीती अगदीच खोटी नाही. अभ्यासाला म्हणून नेलेलं दप्तर परत न आल्याच्या कहाण्या आपल्याकडे गावोगाव आहेत. पण त्यावर उपाय म्हणून कोणालाच काही दाखवायचं नाही, हे कसं चालेल? वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवरचे आणि देवघरांतले कागद बाहेर काढले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' खंडामागून खंड छापत गेले. त्यांनी ते कागद छापले, लोकांपुढे टाकले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, ते राजवाड्यांच्याच पुढाकारानं. धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ निघालं. त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि खाली कपाटाला कुलूप घालायचं, हे मला तरी विनोदी वाटतं.

दुसरी गोष्ट निवडीची. मोडी कागद म्हटलं की आपले कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यातून ४५ खंड काढले, तरी ती वरवरची साय. त्या कामाला पैसा आणि माणसं हवीतच. पण तालुक्याच्या वाचनालयाच्या हातात जे आहे ते वेगळंच आहे. वाचनालयाचे स्वतःचे वार्षिक अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, हौशी नाट्यमंडळाची हँडबिलं, सार्वजनिक गणेशोत्सवाची जमाखर्चाची वही, नगरपालिकेच्या निवडणुकीतली पत्रकं, स्थानिक छापखान्याचा दिवाळी अंक, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह. यातलं काहीही पुण्या-मुंबईत दुसरीकडे सापडणार नाही. आणि नेमकं हेच रद्दीत जातं, कारण "त्यात काय इतिहास?"

मी सांगतो काय इतिहास. जुन्या अहवालात वर्गणीदारांची यादी असते. त्या यादीत कोणाची नावं आहेत, स्त्रियांची पहिली कधी आली, गावाच्या कोणत्या आळीतलं एकही नाव नाही, हे सगळं तिथे बसलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या मनातही नव्हतं, पण त्यानं ते नोंदवून ठेवलंय.

आणि काय टिकलं, काय गेलं, हा नुसता वाळवी-कसरीचा प्रश्न नाही. ज्यांचे वाडे होते त्यांचे कागद टिकले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या, सत्यशोधक चळवळीच्या 'दीनबंधु' पत्राचे सगळे अंक सलग लावून बघावेत म्हटलं तर बघता येत नाहीत. मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवला, तोही अर्धशतकाहून जास्त काळ. खेड्यात छापखाना टाकून वर्तमानपत्र! आज कोणी केलं तर आपण डोक्यावर घेऊन नाचू. अशी छोटी छोटी पत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत होती. त्यांचे अंक कोणाच्या तरी नातवाच्या घरी पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत आणि पुढच्या रंगकामाला ती ट्रंक भंगारवाल्याकडे जाणार आहे.

कोकणातल्या माणसाला घाई का वाटते हे वेगळं सांगायला नको. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या जुलैत पाण्यात गेलं, सावरलं, पुन्हा २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हा पुन्हा तेच. त्यांची चिकाटी थोर, पण भिजलेलं पुस्तक चिकाटीनं परत येत नाही. सांगलीच्या नगर वाचनालयानं २०१९ ला हेच भोगलं. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकदा चिकटली की त्यांची वीट होते. (जाता जाता: भिजलेले दुर्मीळ कागद लगेच सुकवणं शक्य नसेल तर ते गोठवून ठेवतात, म्हणजे बुरशी थांबते आणि मग सवडीनं एकेक काढून सुकवता येतं. जगभर ही मान्य पद्धत आहे. आपल्या किनाऱ्यावर मासळीची शीतगृहं आहेत. एखाद्या मालकाशी पावसाळ्याआधी बोलून ठेवायला काय हरकत आहे? मी हे गमतीनं लिहीत नाहीये.)

"एवढं मोठं काम छोट्या गावात कसं होणार" हे वाक्य मी २०२३ नंतर ऐकून घेत नाही. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि तहसील कचेऱ्या, शाळा, भूमी अभिलेख, सगळीकडची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. लाखो नोंदी सापडल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रती चढल्यासुद्धा. आरक्षणावर इथे वाद नको, कृपा करा. माझा मुद्दा इतकाच की मनावर घेतलं तर गावच्या शाळेतलं शंभर वर्षांचं रजिस्टर काही महिन्यांत तुमच्या मोबाइलवर येऊ शकतं. आलं आहे.

आता स्कॅनिंगबद्दल. मला विचाराल तर ते यातलं सर्वात सोपं काम आहे. साधा स्टँड, चांगला मोबाइल कॅमेरा, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे, एवढ्यात वाचण्याजोगी प्रत मिळते. काही गोष्टी मात्र करू नका. जुना कागद ऑफिसच्या आपोआप ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये घालू नका, शिवण कापू नका, फाटलं तिथे सेलोटेप लावू नका आणि देवाशपथ लॅमिनेशन करू नका. गावच्या पहिल्या पदवीधराचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून आतल्या आत पिवळं केलेलं बघितलं की जीव तुटतो.

अवघड काम नोंदीचं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आठवते? सरकारी प्रकल्प, लाखो पुस्तकं स्कॅन झाली, मराठीही भरपूर. ते संकेतस्थळ पुढे बंद पडलं. कार्ल मलामुद यांच्या पब्लिक रिसोर्स या अमेरिकी संस्थेनं त्या प्रती इंटरनेट अर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथालयावर चढवून ठेवल्या म्हणून आज आपल्याला दिसतात. दिसतात म्हणजे, सापडल्या तर. पुस्तकांची नावं रोमन लिपीत, कशीही लिहिलेली, लेखकाचं नाव अर्धं, वर्ष चुकीचं, मधली पानं गायब. मराठीत नाव टाइप करून शोधलं तर काही हाती लागत नाही. एखादं मिळालंच तर ते दुसरंच काही शोधताना. बिननोंदीचं स्कॅन म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट.

म्हणून माझा आग्रह असा की रोज कमी पानं करा, पण देवनागरीत नीट नोंद करा. काय आहे, कोणत्या साली, कुठे छापलं, छापखाना कोणता, कोणाच्या घरून आलं. फोटो असेल तर कोण उभं, कोण बसलेलं. ही शेवटची माहिती कोणत्याही यंत्राला काढता येणार नाही. छापील देवनागरी आता संगणक बऱ्यापैकी वाचतो, पण १९६२ च्या ग्रुप फोटोतल्या दुसऱ्या रांगेतला तिसरा माणूस कोण, हे सांगणारी दोन-चार माणसं गावात उरलीत. आधी त्यांच्याकडे जा. स्कॅनर काय, पुढच्या वर्षीही मिळेल.

कायद्याचं भूत उगीच मोठं केलं जातं. लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षं उलटली की त्याचं लेखन सर्वांचं होतं. त्याआधीही, स्वतःकडे असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवायला बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्यात मुभा आहे. फक्त ती सर्वांना खुली करता येत नाही. तेव्हा जुनं ते आधी उघडं करा, अलीकडच्यासाठी परवानग्या मागा. स्मरणिकेच्या संपादकाच्या मुलीला फोन केला तर ती बहुधा आनंदानं हो म्हणते. मात्र शाळांची जनरल रजिस्टरं, कोर्टकज्ज्यांचे कागद, हयात माणसांची खाजगी पत्रं यांत हात घालताना सबुरी हवी. सगळंच उघडं करायचं असं मी म्हणत नाही.

आणि एक प्रत कुठेच पुरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या बलाढ्य संस्थेच्या डिजिटल सेवा कित्येक महिने ठप्प झाल्या. तिथे हे होतं, तर आपल्या वाचनालयातल्या एकुलत्या हार्ड डिस्कचं काय घेऊन बसलात? एक प्रत वाचनालयात, एक दुसऱ्या गावात (पुराच्या पाण्यापासून लांब), आणि एक इंटरनेट अर्काइव्ह किंवा विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाचं चित्रं-फायलींचं भांडार) यांसारख्या उघड्या जागी. तिथे पैसे पडत नाहीत. "अमुक वाचनालयाच्या संग्रहातून" असं प्रत्येक नोंदीत लिहा, म्हणजे नाव राहत नाही ही तक्रारही मिटते.

आमच्या वाचनालयात वार्षिक अहवालांपासून सुरुवात केली आहे, दर रविवारी सकाळी. दुर्मीळ पोथ्यांना अजून हात लावलेला नाही, त्यावरून दोन ज्येष्ठ सभासद रुसलेत. रुसू देत. अहवाल संपले की नाटकांच्या हँडबिलांचा गठ्ठा घेणार. त्यावर नटांची नुसती आडनावं छापलेली आहेत आणि एका आडनावाची गावात तीन तीन घरं. ज्यांच्या घरी कोणी तेव्हा तोंडाला रंग लावला होता, त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा. जुना फोटो असेल तर फक्त दाखवायला घेऊन या, तिथल्या तिथे टिपून परत देऊ. ट्रंक भंगारात काढणार असाल तर आदल्या दिवशी मला मेसेज करा, मी टेम्पो घेऊन येतो.